अठ्ठ्याण्णव

कॉलेजात पाय ठेवायच्या आधीच लेकीने माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "आई, तू ये कॉलेजला. माझं काही म्हणणं नाय. पण तिथं आपण ओळख दाखवायची नाय."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे मी समोरून आले तरी हाक मारायची नाय. डबा खाल्ला का विचारायचं नाय. मैत्रिणी सोबत असल्या तर माझ्याकडं बघायचं पण नाय."

"आणि जिन्यात पडलीस धडपडलीस तर?"

"दुसरं कुणी उचलंल."

मी हसून "व्हय बाई" म्हटलं आणि कणकेला दोन बुक्क्या जास्त मारल्या. राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. वीस वर्षांच्या मुलीला आपली आई आपल्याच कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या पोरापोरींमध्ये बसलेली बघून कसं वाटत असेल, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं. मला ते चांगलंच लागलं होतं.

ती तिसऱ्या वर्षाला, बी.एस्सी.ला होती. मी पहिल्या वर्षाला, बी.ए.ला, वय चव्वेचाळीस. गारखेड्यातल्या आमच्या घरापासून चालत जाता येईल असं ते एकच कॉलेज, त्यामुळे दुसरीकडे तोंड लपवायची सोय नव्हती. माझं माहेर शेंद्र्याजवळचं. तिथे तेव्हा दहावीच्या पुढे शाळा नव्हती, आणि पोरीला शिकायला शहरात पाठवावं इतका माझ्या वडिलांचा शहरावर विश्वास नव्हता. लग्न करून मात्र शहरातच दिली. इथे आल्यावर मी शिवणकाम शिकले आणि वीसेक वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते आहे. लेक कॉलेजात गेल्यावर मात्र मला काही स्वस्थ बसवेना. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसल्याबसल्या बारावी केली. पास झाले तेव्हा नवरा म्हणाला, "आता काय कलेक्टर व्हायचंय का?" पण पुढच्या फॉर्मवर माझा फोटो डिंकाने चिकटवला तो त्यानेच, तोही जरा वाकडा.

प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "दुसऱ्या शाखेचे विषय कोणते घेताय?" मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. तसं नव्हतं. आता पद्धतच तशी आहे. कलेच्या मुलांनी थोडं विज्ञान शिकायचं, विज्ञानाच्या मुलांनी थोडी कला शिकायची. यादीतल्या प्रत्येक विषयाला 'ओळख' किंवा 'परिचय' असं शेपूट होतं. चित्रकलेची ओळख, माध्यमांचा परिचय, रोजच्या जगण्यातल्या विज्ञानाची ओळख. मी तिन्ही घेतले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "सगळ्या कॉलेजची ओळख करून देणार आहेत, एक तुमची लेक सोडून." लेक आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

चित्रकलेच्या मॅडमनी पहिल्याच तासाला टेबलावर एक माठ ठेवला आणि म्हणाल्या, काढा. जिच्या ओट्यावर वर्षातले आठ महिने माठ असतो, तिला माठ काढायला सांगायचा. मी पाच मिनिटांत काढून मोकळी झाले आणि इकडेतिकडे बघत बसले. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, माठाचं तोंड तुम्हाला एवढं गोल दिसतंय?"

"माठाचं तोंड गोलच असतं की."

"असतं. पण तिथून दिसतंय का?"

मी नीट पाहिलं. माझ्या जागेवरून ते तोंड चपटं दिसत होतं, परातीतली भाकरी बाजूने पाहिल्यावर दिसते तसं. इतकी वर्षं त्या माठातून पाणी पिते आहे, पण मी कधी पाहिलंच नव्हतं. मॅडमनी खोडरबर पुढे केलं. त्या दिवशी एका माठाला मला अख्खा तास लागला आणि तरी तो एका बाजूला कललेलाच राहिला.

माध्यमांच्या वर्गात याच्याही वरताण. तिथल्या सरांचा एकच हट्ट होता. बातमीत 'म्हणतात' हा शब्द आला की ते लाल रेघ मारायचे आणि समासात लिहायचे, 'कोण म्हणतात?' मी पहिली बातमी लिहिली ती कॉलेजातल्या थंड पाण्याच्या मशीनवर. महिनाभर बंद आहे, विद्यार्थ्यांचे हाल होत आहेत, प्रशासन झोपलंय, असं सगळं छान झणझणीत. सरांनी विचारलं, "ताई, तुम्ही मशीन पाहिलंत?" मी कँटीनमध्ये ऐकलं होतं. जाऊन पाहिलं तर मशीन चालू होतं, दोनातला एक नळ तेवढा तुटला होता. बातमी चार ओळींची झाली. सर म्हणाले, "आता खरी झाली." मला मात्र आधीचीच जास्त आवडली होती.

हे सगळं मला लेकीला सांगायचं असायचं, तिथल्या तिथे, गरमागरम. पण आमचा करार होता. ती व्हरांड्यातून मैत्रिणींबरोबर येताना दिसली की मी सूचना फलकाकडे वळायचे आणि तिथली बसच्या पासची नोटीस वाचायला लागायचे. तिचा घोळका मागून हसत निघून जायचा. तिचं हसणं मला पंचवीस पोरींच्या हसण्यात ओळखू यायचं. मग मी वळायचे आणि तासाला जायचे. ती नोटीस माझी तोंडपाठ झाली होती.

एकदा ती डबा घरी विसरली. मी दोन्ही डबे घेऊन आले, पण द्यायचा कसा? माझ्या बाकावर एक अठरा वर्षांची मुलगी बसायची. घरी दखनी बोलणारी, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. मी तिला म्हटलं, "ती निळ्या ओढणीवाली दिसते ना, तिसऱ्या वर्षाची, तिला हा डबा देऊन ये."

"हौ, देती. पन आपकी कौन लगती काकू?"

"ओळखीतली आहे," मी म्हटलं.

डबा पोचला. संध्याकाळी तो रिकामा होऊन ओट्यावर आला, धुऊन. पण 'ओळखीतली आहे' हे माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य मला पुढे बरेच दिवस टोचत होतं.

विज्ञानाचे सर तरुण होते, तासिकेवर नेमलेले. दोन कॉलेजांत शिकवायचे, त्यामुळे कायम धावतच यायचे आणि धावतच जायचे. मला 'ताई' म्हणायचे. त्यांनी एक दिवस प्रयोगशाळेत नेऊन सांगितलं, आज पाणी उकळायचं. बीकरमध्ये पाणी घ्यायचं, खाली बर्नर लावायचा, थर्मामीटर सोडायचा, दर मिनिटाला पारा कुठे आहे ते लिहायचं आणि उकळी फुटल्यावर तो कुठे थांबतो ते शेवटच्या ओळीत लिहायचं. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं चहा करते आहे, आज पहिल्यांदा त्याचे मार्क मिळणार.

मी आणि माझ्या बाकावरच्या त्या मुलीने बर्नर लावला. आजूबाजूला पाहिलं तर बहुतेकांच्या वहीत शेवटची ओळ आधीच लिहून झाली होती. शंभर. माझ्या जोडीदारणीनेही लिहून टाकलं होतं आणि ती फोन बघत बसली होती. मी बघत राहिले. पारा नव्वदवर गेला, पंच्याण्णववर गेला, पुढे जरा रेंगाळला आणि अठ्ठ्याण्णववर जाऊन थांबला. खाली पाणी खदखदतंय, वाफेने माझा चष्मा भरतोय आणि पारा ढिम्म.

"काकू, सौ लिखो ना. कोन देखता?"

"मी बघते आहे ना."

सर जवळून चालले होते. मी त्यांना थांबवलं. ते दुसऱ्या टेबलाकडे बघतच म्हणाले, "येईल ताई, शंभर येईल, थांबा जरा." मी थांबले. पाणी निम्मं झालं, पण पारा केसभर हलला नाही. तास संपला. मी कच्च्या वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं. उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायला माझा हात धजेना. आमच्याकडे नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. पाणी निवल्यावर मी ते जिन्याजवळच्या कुंडीत घातलं.

आता जर्नलविषयी सांगायला हवं. प्रयोग कच्च्या वहीत करायचा आणि मग घरी जाऊन पक्क्या जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायचा, असा नियम आहे. पण खरा रिवाज असा, की आदल्या वर्षीच्या कुणाचं तरी सही झालेलं जर्नल मिळवायचं आणि त्यावरून उतरवायचं. ते जर्नलही त्याच्या आदल्या वर्षीच्यावरून उतरवलेलं असतं. आमच्या घरात लेकीचं पहिल्या वर्षाचं जर्नल माळ्यावर होतंच. मी ते आकृत्या नीट काढता याव्यात म्हणून खाली काढलं. त्यात प्रत्येक प्रयोगाच्या वर 'खोलीचे तापमान २७' असं लिहिलं होतं. ऑगस्टमध्येही सत्तावीस, डिसेंबरमध्येही सत्तावीस, आणि उन्हाळ्यात आमच्या शहरात पत्र्यावर पापड भाजले जातात तेव्हाही सत्तावीस. मला हसू आलं.

लेक माझ्या खांद्यावरून डोकावली. "आई, अठ्ठ्याण्णव काय लिहितीस? शंभर असतं."

"मला शंभर दिसलं नाही."

"दिसत कुणालाच नाय, आई. लिहायचं असतं."

"मग तुला तरी किती दिसलं होतं?"

"ते महत्त्वाचं नाय. अठ्ठ्याण्णव लिहिलंस तर सर सही करणार नायत. वरतून मार्क कटतेत. तुला पास व्हायचंय ना?"

मला पास व्हायचं होतं. अठराव्या वर्षी नापास झालेल्या पोराला लोक म्हणतात, पुढच्या वेळी होईल. चव्वेचाळिसाव्या वर्षी नापास झालेल्या बाईला म्हणतात, झाली ना हौस, बस आता घरी. त्यातून लेकीच्याच कॉलेजात, लेकीच्याच विषयात नापास झाले असते तर तिने मला ओळख दाखवायचा प्रश्न कायमचा मिटला असता. आपली आई पहिल्या सत्राला तरली, एवढं तरी तिच्या कानावर पडावं, असं मला फार वाटत होतं. मी भ्याले आणि शंभर लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुवाच्य शंभर.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या एक बाई ब्लाउज टाकायला आल्या. माप घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "छाती चौतीस लिही. माझं माप चौतीसच आहे, लग्नापासून." मी टेप लावला. टेप सदतीस म्हणत होता. मी वहीत सदतीस लिहिलं. त्यांनी ते पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. मी नेहमी म्हणते तेच म्हटलं, "ताई, तुमचं मी ऐकीन, पण ब्लाउज ऐकणार नाही." हे वाक्य मी आजवर कितीतरी बायकांना ऐकवलं असेल. त्या दिवशी ते म्हणून झालं आणि माझा मलाच राग आला. दुसऱ्याच्या अंगाचं माप लिहिताना मी टेपचं ऐकते, आणि स्वतःच्या डोळ्याने पाहिलेलं लिहायची वेळ आली तर माळ्यावरच्या जुन्या जर्नलचं.

त्या बाई गेल्यावर मी जर्नल उघडलं, शंभरवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी अठ्ठ्याण्णव लिहिलं. पान खराब झालं. पण मला कितीतरी हलकं वाटलं.

लेकीने ते पाहिलं आणि ती भडकलीच. "वेडी आहेस का तू? खाडाखोड पण केलीस?"

नवरा शेंद्र्याच्या कंपनीतून नुकताच आला होता आणि हातपाय धूत होता. आतूनच म्हणाला, "काय बिघडलं? आमच्याकडं काटा दाखवल तेच रजिस्टरात लिहायचं. मनानं लिहिलं तर गेटच्या बाहेर."

"पप्पा, ती कंपनी आहे. हे कॉलेज आहे."

"मग शिकवतात कुठं, तिकडं का इकडं?"

ती आणखी चिडली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तोंडी परीक्षेला बाहेरच्या मॅडम येणारेत. टेबलं मांडायला, सामान द्यायला आमच्या वर्गाची पोरं आहेत, मी पण आहे. त्या सगळ्यांदेखत तुला विचारतील, अठ्ठ्याण्णव कसं? आणि तुला काही सांगता येणार नाय. मला ते बघवणार नाय."

मला तेव्हा त्यातली फक्त लाज ऐकू आली. दोन दिवस मी तिच्याशी तुटक बोलले. भाजी वाढताना विचारलं नाही, नुसती वाढली. ती जेवली आणि ताट उचलून गेली. उस्मानपुऱ्यात अस्तर आणायला जायचं होतं, एरवी ती गाडीवर सोडते. मी रिक्षाने गेले.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत तीच होती. पांढरा एप्रन, केस घट्ट बांधलेले, बर्नरच्या नळ्या तपासत टेबलाटेबलाने फिरत होती. माझ्या टेबलापाशी आली तेव्हा तिने बीकर ठेवला, जाळी सरळ केली आणि मान वर न करता पुढे गेली. करार म्हणजे करार. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. तिला सांगावं, पाणी दे, असं वाटलं आणि मी जर्नलचं पान उघडून ठेवलं.

बाहेरून आलेल्या मॅडम वयाने माझ्याएवढ्याच होत्या. जर्नलं चाळत होत्या, माझ्यापाशी येऊन थांबल्या. "सगळ्यांचं शंभर आहे. तुमचंच अठ्ठ्याण्णव कसं?"

"दिसलं ते लिहिलं, मॅडम."

"पण आधी शंभर लिहिलं होतं."

"ते पाहिलं नव्हतं. म्हणून खोडलं."

"बरं. पण अठ्ठ्याण्णव का यावं?"

लेक म्हणाली होती तेच झालं. मला काहीही सांगता येत नव्हतं. उत्तर बनवता आलं असतं, बाजूच्या पोरांनी बनवलं असतंही. मी म्हटलं, "का ते मला माहीत नाही, मॅडम. आलं एवढं खरं."

सर पुढे झाले. "मॅडम, आमचे थर्मामीटर जरा जुने आहेत, त्यामुळे..."

"मग नवा काढा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्यांना आत्ता करून दाखवू द्या."

कपाटातून नवा थर्मामीटर निघाला. लेकीनेच तो माझ्या हातात दिला. स्टँडचा चिमटा सैल होता म्हणून मी तो हातातच धरला. टेबलाभोवती पोरं जमली. पाणी तापायला लागलं. पारा नीट दिसावा म्हणून मी वाकले, तसा हातही खाली गेला. पारा पंच्याण्णववर गेला. उकळी फुटली. पारा अठ्ठ्याण्णववर गेला आणि तिथे न थांबता पुढे निघाला. नव्व्याण्णव. शंभराकडे. मला वाटलं, संपलं. चुकलं माझं. माझे डोळेच चुकले असतील, म्हातारपण आलं, हौस झाली, आता घरी.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई, तळाला टेकवू नको. काचेचं बूड जास्त तापलेलं असतं, आकडा खोटा येतो. जरा वर धर."

जमलेली पोरं मागे वळली. माझी बाकावरची मैत्रीण हळूच म्हणाली, "हौ? बेटी?" मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थर्मामीटर हातातून पडला असता. मी तो बोटभर वर उचलला. पारा खाली उतरला, अठ्ठ्याण्णवच्या रेघेला आला आणि थांबला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. चांगली दोन मिनिटं पाणी खळखळत होतं आणि पारा तिथेच होता.

मॅडमनी लेकीकडे पाहिलं. "तू हा प्रयोग पहिल्या वर्षी केला असशील. तुझं किती आलं होतं?"

तिने सरांकडे एकदा पाहिलं, मग माझ्या जर्नलकडे. "शंभर लिहिलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "पाहिलं नव्हतं."

सर थर्मामीटरची रिकामी खोकी एकावर एक रचायला लागले. मॅडम कुणाला रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच समजावून सांगितलं, की पुस्तकातलं शंभर हे समुद्राच्या पातळीवरचं आहे. आपलं शहर पठारावर, उंचावर. इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी थोडं आधीच उकळतं. मी ऐकत होते आणि मला माझ्या ओट्यावरचं चहाचं पातेलं आठवत होतं. इतकी वर्षं ते रोज दोन अंश आधी उकळत होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलंही मीच नव्हतं म्हणा.

मॅडमनी माझ्या जर्नलवर, त्या खाडाखोड केलेल्या पानावरच सही केली. पुढे निकाल लागला तेव्हा मी पास होते, बऱ्या मार्कांनी. माठाला मात्र सगळ्यात कमी मिळाले.

पण त्या दिवसाचं सांगते. परीक्षा आटोपून मी पिशवी उचलली आणि व्हरांड्यात आले. समोर लेकीच्या मैत्रिणी तिची वाट बघत उभ्या होत्या. आत जे झालं ते त्यांना माहीत नव्हतं. मागून लेकीच्या चपलांचा आवाज आला आणि सवयीने माझे पाय सूचना फलकाकडे वळले. तिने हाक मारली ती प्रयोगशाळेत, गडबडीत, आकडा चुकू नये म्हणून. त्या हाकेचा फायदा घेणं बरं नव्हे, असं मला वाटलं. मी बसच्या पासची नोटीस वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून.

चपलांचा आवाज माझ्यामागे येऊन थांबला. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"आई, ती नोटीस मागच्या वर्षीची आहे," ती म्हणाली, मैत्रिणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "रोज तीच वाचतीस. चल, डबा खाऊ."